पिवळी ओळ

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून प्रत्येक गोष्ट तीनदा विचार करून बोलायचा, म्हणून घरात त्याचं नाव नाना पडलं. पाच वर्षांचा नाना. आता त्याचे केस खरोखरच पिकलेत आणि तो नियोजन खात्यात परदेशी मदतीचा कक्ष सांभाळतो. दुसरा देश आपल्याला जी मदत करतो, ती कशासाठी, कुठल्या अटींवर आणि कधीपर्यंत, हे दोन्हीकडच्या माणसांनी एका टेबलाशी बसून ठरवायचं असतं. त्या टेबलाच्या आपल्या बाजूला नाना बसतो.

मी त्या टेबलापासून दिवसभराच्या बसप्रवासावर, एका जिल्ह्याच्या गावी सुईणशाळा चालवते. पाटीवर ‘प्रसूतिसेविका प्रशिक्षण केंद्र’ असं लिहिलंय, पण एवढं बोलायला कुणाला वेळ आहे? शिकवणाऱ्यांचे पगार, मुलींचं वसतिगृह, औषधं, सगळं एका मित्रदेशाच्या मदतीतून चालायचं. मुली जिच्यावर हात बसवतात ती रबरी बाईसुद्धा तिकडूनच पेटीत बसून आली. मुलींनी तिचं नाव ठेवलं मावशी. मावशीच्या पोटावर दोन झेंड्यांचा स्टिकर आहे, कारण मदतीतून आलेल्या प्रत्येक वस्तूवर तो लावायचा असा नियम आहे. मुली मावशीला धुऊन धुऊन तो पुसट करतात आणि मग नवा येतो. औषधं कधीमधी उशिरा आली असतील, स्टिकर कधीच उशिरा आला नाही.

भावाच्या वशिल्याने शाळा मिळाली असं गावात काही जण बोलतात. बोलोत बापडे. शाळा आधी उघडली, नाना त्या खुर्चीवर नंतर आला, आणि इतक्या वर्षांत त्याने शाळेचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. कामं असतात म्हणे.

तर, त्या वर्षी दोन्ही देशांच्या आढावा बैठकीला मला बोलावणं आलं. एरवी आमच्यासारख्यांना तिथे कुणी विचारत नाही. पण मित्रदेशाच्या पाहुण्यांचे नवे प्रमुख आले होते आणि त्यांना प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना भेटायचं होतं. मी आदल्या दिवशीच नानाकडे मुक्कामाला गेले. भावजयीने माझ्यासाठी पलंगावर नवी चादर घातली होती. जेवताना नाना नेहमीपेक्षा गप्प होता, म्हणजे काहीतरी शिजत होतं. ताटं उचलल्यावर त्याने सुरुवात केली.

बैठकीत पडद्यावर एक तक्ता दाखवतात, तो म्हणाला. एकेका कामाची एकेक ओळ. रस्ता, कालवा, शाळा, सगळं त्यात. प्रत्येक ओळीला रंग असतो आणि तो दोन्ही बाजूंनी संमतीने ठरवायचा. हिरवा म्हणजे काम झालं. काम झालं की मदत संपली. लाल म्हणजे काम होत नाही, तेव्हाही मदत संपली. पिवळा म्हणजे चाललंय, पण अजून कमी आहे, अजून हात द्यायला हवा.

“पिवळ्यावर माणूस अख्खी नोकरी काढू शकतो,” नाना म्हणाला. त्याच्या सुरात थोडा अभिमानही होता, तो मला ऐकू आला.

मी विचारलं, माझ्या शाळेचा रंग कोणता? पिवळा, तो म्हणाला. पहिल्यापासून. तो दर वर्षी तेवढी काळजी घेतो. पिवळा ठेवायला काहीतरी कमतरता दाखवावी लागते, तीही तोच शोधून देतो. उद्या आपली ओळ आली की मी फक्त नमस्कार करायचा आणि काही बोलायचं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तीस वर्षं बाळंतपणं करते आहे. नानाची मुलगी पायाकडून येत होती तेव्हा तिला ज्या हातांनी बाहेर काढलं ते हे हात, आणि हा माझा भाऊ दर वर्षी एका थंडगार खोलीत बसून सांगतो की हिचं काम बेताचं आहे. मी त्याला हे सगळं ऐकवलं. भावजय मधे पडली. “वन्सं, तो शाळेसाठीच करतो,” ती म्हणाली. मलाही ते कळत होतं, म्हणून तर जास्त लागलं. शेवटी मी कबूल केलं की तोंडाला कुलूप लावते. मनापासून कबूल केलं होतं, हेही सांगून ठेवते.

बैठकीची खोली लांबलचक होती. मधे टेबल, टेबलावर दोन छोटे झेंडे, प्रत्येकासमोर नावाची पाटी, पाण्याची बाटली आणि कुणीही न खाल्लेली बिस्किटं. एका बाजूला आपले, एका बाजूला ते. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे करायला एक दुभाषा होता. पाहुण्यांत एक बाई होत्या. त्या इथे बरीच वर्षं राहिलेल्या, आपली भाषा शिकलेल्या. आमच्या शाळेत दोनदा येऊन गेल्या होत्या, म्हणून मी त्यांना ओळखत होते. त्यांनी लांबूनच मान हलवली. नवे प्रमुख तरुण होते, उत्साही होते, आणि सगळं लिहून घेत होते.

ओळी एकेक करून सरकत होत्या. रस्ता पिवळा. कालवा पिवळा. धान्याची गोदामं पिवळी. कुणी वाद घालत नव्हतं, जेवायची वेळ जवळ येत होती. मग आमची ओळ आली. मी नमस्कार केला. प्रमुखांनीही केला आणि विचारलं, या ओळीत इतकी वर्षं नेमकी अडचण काय आहे?

प्रश्न साधा होता. नवीन माणसाला असे प्रश्न पडतात. नाना काही बोलणार तोच त्याच्या कक्षातल्या सल्लागाराने कागद वाचून दाखवला. प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींच्या हातांना अजून पुरेसं कसब आलेलं नाही, तिथलं मनुष्यबळ मुळातच कमकुवत आहे, वगैरे. सल्लागाराने आमच्या मुली कधी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. त्याला यंदाची कमतरता नानाने दिली होती आणि त्याने ती वाचली.

आमच्या मुली डोंगरातल्या पाड्यांवरून येतात. घरी भांडून येतात. बाळाचा खांदा अडकला की काय करायचं, हे मावशीवर इतक्या वेळा करतात की झोपेत त्यांचे हात हलतात. त्यांच्या हातांबद्दल तो बोलत होता.

“आमच्या मुलींच्या हातांना काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “गेल्या वर्षी त्यांच्या हाताखाली बाळंत झालेली एकही बाई दगावली नाही. हे पिवळं असेल तर हिरवं कसं दिसतं, ते मला एकदा दाखवा.”

दुभाष्याने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. बहुतेक जरा सौम्य करून सांगितलं असावं, कारण प्रमुखांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी आकडे विचारले, मी दिले. त्या बाईंनी खाली मान घालून दुजोरा दिला. प्रमुख उठून टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात हातात घेतला. पडद्यावरची आमची ओळ माझ्या डोळ्यांदेखत हिरवी झाली. टाळ्या पडल्या. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. नाना त्याच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होता.

मग प्रमुखांनी बसून पुढचं सांगितलं. ही बैठकीतली सर्वांत चांगली बातमी आहे, ते म्हणाले. आता पुढच्या टप्प्यात हा निधी जिथे जास्त गरज आहे तिथे वळवता येईल, आणि ही यशस्वी शाळा तुमचं सरकार अभिमानाने स्वतःकडे घेईल. आपल्या बाजूने सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा वाक्याला नाही कसं म्हणणार?

बाहेरच्या व्हरांड्यात नानाने मला गाठलं. तो ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“टाळ्या छान पडल्या, ताई,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षीपासून पगार म्हणून त्याच वाट.”

तो निघून गेल्यावर त्या पाहुण्या बाई माझ्याजवळ आल्या. आपली भाषा त्या पुस्तकातल्यासारखी बोलतात. त्यांनी सांगितलं की शाळा हिरवी आहे हे त्यांना पहिल्या भेटीतच कळलं होतं. पण तसं लिहिलं असतं तर त्यांच्या कचेरीने विचारलं असतं की मग अजून मदत का चालू आहे. “पिवळा रंग आम्हा दोघांच्याही सोयीचा होता,” त्या म्हणाल्या. आता त्या फार तर थोडी मुदत वाढवून मागू शकत होत्या. मुदत मिळाली, पण जेमतेम पुढच्या बॅचचं शिक्षण पुरं होईल एवढीच.

मी परत येऊन शिकवणाऱ्या चौघींना सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझं कौतुक केलं आणि मग घरी जाऊन हिशेब केला असणार, कारण महिन्याभरात एकीने शहरातल्या खाजगी दवाखान्यात नोकरी धरली. तिच्या घरी म्हातारे सासू-सासरे, तिला दोष कसा देऊ? थोड्या दिवसांनी दुसरीही गेली. दोघींचे वर्ग मी घेऊ लागले. सकाळी मावशी, दुपारी बाळंतिणींचा वॉर्ड, संध्याकाळी वसतिगृहाचं पाणी आलं की नाही ते बघायचं. मला भीती वाटत होती. शाळा बंद पडली तर या मुली पुन्हा पाड्यावर जातील आणि पाड्यावरच्या बाया पुन्हा देवाच्या भरवशावर बाळंत होतील, एवढं सरळ गणित होतं. स्वतःच्या जिभेचा रागही आला. पण ते वाक्य परत घ्यावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

नाना माझ्याशी बोलत नव्हता, पण काम करत होता. शाळा सरकारने चालवायला घ्यावी असा प्रस्ताव त्याने केला, आपल्या खात्यातून पुढे सरकवला, आरोग्य खात्याच्या मागे लागून त्यांची सही आणली. घोडं अडलं ते वित्त खात्यात. तिथल्या उपसचिवांना सगळं सरकार पाठीमागे कात्री म्हणतं. समोर आलेल्या कुठल्याही प्रस्तावाचा ते एक हात नाहीतर एक पाय कापतातच. त्यांनी चर्चेसाठी नानाला बोलावलं आणि शाळेचं कोणीतरी सोबत आणा म्हणाले. भावजयीने फोन करून मला निरोप दिला. तिने एवढंच वर सांगितलं, “वन्सं, या वेळी जरा सांभाळून.”

कात्रींची खोली मी मनात रंगवली होती तशी मुळीच नव्हती. छोटीशी खोली, खिडकीत लख्ख पुसलेली काच, टेबलावर एकच फाइल, आमची. माणूस शांत, सभ्य. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि शाळेबद्दल विचारलं. मी विचारलं तेवढंच सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग फाइल उघडून तीच तक्त्याची पानं एकापुढे एक मांडली.

“इतकी वर्षं पिवळा,” ते म्हणाले. “कामगिरी मध्यम. मुलींचं कसब अपुरं, मनुष्यबळ कमकुवत. आणि ज्या वर्षी परदेशी मदत बंद होणार, नेमका त्याच वर्षी हिरवा. बाई, मी तीस वर्षं असले कागद वाचतोय. लोकांना एखादी योजना सरकारच्या गळ्यात मारायची असते तेव्हा ती अशी एका रात्रीत सुधारते. यातला खरा रंग कोणता, हे मला तुम्ही सांगा.”

मला हसावं की रडावं कळेना. इतक्या वर्षांत त्या तक्त्यात आमच्याबद्दल एकच खरी गोष्ट लिहिली गेली होती आणि तीच त्यांना खोटी वाटत होती. वाटणारच. मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटली असती.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पिवळा या शेजारी बसलेल्या माणसाने लावला, विचारा त्याला. एका वाक्याचं काम. शाळा वाचली असती. पण नानाची निवृत्ती तीन-चार वर्षांवर आली होती, वरची जागा यंदा त्याला मिळणार असं भावजय सांगत होती, आणि दोन देशांच्या संमतीने झालेल्या तक्त्यात मुद्दाम फेरफार केला असं एखाद्या अधिकाऱ्याबद्दल दुसऱ्या कुणी सांगितलं की त्याचं काय होतं हे मलाही कळतं. त्या बैठकीत मी गप्प बसायचं कबूल करून बोलले होते. आज मला कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले. कपाला कानाजवळ बारीक तडा होता.

कात्री वाट बघत होते. नानाने तीनदा विचार केला असणार, त्याला तेवढा वेळ लागलाच.

“हिरवा खरा आहे साहेब,” तो म्हणाला. “पिवळा मी ठेवत होतो. मदत चालू राहावी म्हणून. मुलींच्या हातांबद्दलचं ते वाक्यही माझंच. मी त्या मुली कधी पाहिलेल्या नाहीत.”

कात्रींनी चष्मा काढला. काचा पुसल्या.

“मग तुमच्या तक्त्यातल्या बाकीच्या पिवळ्या ओळी?”

“काही हिरव्या आहेत,” नाना म्हणाला. “काही लाल आहेत. पिवळ्याखाली दोन्ही झाकलं जातं.”

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे वळून बघितलं. तो गोदामं, कालवा असं एकेक सांगत होता, सरळ, आवाज न चढवता, शाळेत पाठ म्हणायचा तसा. कुठल्या गोदामाला छप्पर नाही, कुठल्या कालव्यात पाणी पोचलंच नाही. कात्री मधूनमधून प्रश्न विचारत होते. शेवटी ते म्हणाले की हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल, आणि दिल्यावर तुमचं काय होईल ते माझ्या हातात नाही. देतो, नाना म्हणाला.

जिना उतरताना मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. मी बोलले असते तर, असं काहीतरी मी म्हणायला लागले, तर तो म्हणाला, “तू बोलशील असंच वाटत होतं मला. नाही बोललीस, तेव्हा पंचाईत झाली.”

सरकारने शाळा घेतली. कात्रींनी आपली सवय सोडली नाही, शिकवणाऱ्यांच्या चार जागांपैकी दोनच मंजूर केल्या आणि बाकीच्या पुढच्या वर्षी बघू म्हणाले. एका गोदामाची आणि कालव्याची चौकशी लागली. पाहुण्यांच्या नव्या प्रमुखांना मोठा धक्का बसला म्हणतात. त्या बाईंची बदली झाली, जाताना त्यांनी मला पत्ता दिला. नानाला वरची जागा मिळाली नाही. त्याला सरकारी छापखान्यात पाठवलं. तिथे तो आता कोरे अर्ज आणि पावत्या छापून घेतो. भावजय म्हणते, तो घरी लवकर येतो आणि जेवताना बोलतो.

गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा शाळेत आला. न कळवता, बसने, हातात एक पिशवी. फाटकाशी उभा राहून पाटी पूर्ण वाचली. मी त्याला सगळं दाखवलं. वसतिगृह, जिथे पाणी दिवसाआड येतं. वॉर्ड. वर्ग, जिथे सोडून गेलेल्या दोघींच्या कामासाठी मी एकटी उभी असते आणि त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलींकडे माझं लक्ष पोचत नाही. मुलींनी त्याला मावशीजवळ नेलं. नवा स्टिकर यायचा बंद झालाय, तिच्या पोटावर जुन्याचा नुसता चौकोनी डाग राहिलाय. मुलींनी आग्रह करून त्याच्या हातात रबरी हातमोजे घातले आणि मावशीचं खांदा अडकलेलं रबरी बाळ सोडवायला सांगितलं. नानाने बाळ ओढलं. सगळ्या हसल्या. मग एका मुलीने त्याचे हात धरून बोटं कुठे घालायची, किती थांबायचं, कधी वळवायचं ते दाखवलं. तिच्या त्या हातांकडे तो किती तरी वेळ नुसता बघत राहिला.

मुली जेवायला गेल्यावर आम्ही दोघंच वर्गात उरलो. तो मोजे नीट उलटे करून काढत होता, नुकतंच शिकवलं होतं तसं. मी त्याला चिडवायला म्हटलं, काय साहेब, आता बघितलीत शाळा, कोणता रंग देता?

त्याने खोलीभर नजर फिरवली. मागचे बाक, रिकामी दुसरी खुर्ची, कोपऱ्यातली पाण्याची पिंपं. घाई केली नाही.

“मुली हिरव्या आहेत,” तो म्हणाला. “शाळा पिवळी आहे, ताई.”

भांडायला माझं तोंड उघडलं होतं. पण त्याने बघून सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मी त्याच्याजवळून मोजे घेतले आणि धुवायला टाकले.